ह्यात भीती कुठे आहे?

“गाणी चांगली आहेत, सिस्टर. एकूण एक चांगली आहेत,” असं म्हणून साहेबांनी कानावरचे हेडफोन काढले आणि कपाळाला हात लावून बसले. घरातलं कुणी गेल्याचा फोन यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता.

एका परदेशी बँडच्या नव्या अल्बमबद्दलचं हे त्यांचं मत. हा बँड मेटलकोर नावाच्या प्रकारातली गाणी करतो. गाणी म्हणजे काय, तर एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडतो, मागे ड्रमचा धडाका चालतो, गिटारी करकरतात, आणि सगळं भरधाव निघालेलं असताना एकदम संथ आणि जड होऊन अंगावर कोसळतं. त्या कोसळण्याला ब्रेकडाउन म्हणतात. मला हे कळायचं खरं तर काही कारण नव्हतं. मी कंपनीतली साधी नर्स, माझी धाव भजनापासून टीव्हीवरच्या गाण्यांच्या स्पर्धेपर्यंत. पण मला हे ऐकायला लावलं ते पन्नाशी ओलांडलेल्या, शर्टाचं गळ्यापाशी असलेलं बटणसुद्धा न विसरता लावणाऱ्या एका माणसाने. ते आमचे सेफ्टी ऑफिसर होते. त्यांना दुसरं कुठलंही संगीत सहन होत नसे.

चौक गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला आमची कंपनी. मासळी, मटार, आइस्क्रीम असलं काय काय गोठवून ठेवायचं काम. एवढी थंडी करायला अमोनिया वायू लागतो. तो टाक्यांत आणि पाइपांत आहे तोवर बरा. बाहेर आला तर आधी डोळे जातात, मग घसा, मग श्वास. कंपनीच्या भिंतीपासून दोन शेतं ओलांडली की आमचं गाव लागतं आणि गावातलं पहिलं घर आमचं. तिथे माझ्या सासूबाई दिवसभर एकट्या असत, गुडघ्यांनी अधू. त्यामुळे साहेबांच्या भित्रेपणाला कंपनीतले सगळे हसायचे तेव्हा मीही हसायची, पण हसताना एक डोळा घराच्या दिशेला असायचा.

आणि हसण्यासारखं पुष्कळ होतं. ढाब्यावर जेवायला गेलो की हे आधी भटारखान्यात जाऊन सिलिंडरची नळी बघून येत आणि मग दारालगतच्या टेबलाशी बसत. लग्नाला गेले की नवरानवरी दिसायच्या आधी मागचं दार कुठे आहे ते विचारून घेत. पायात कायम नाडीचे बूट. चप्पल घालून माणसाला पळता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. झोपताना बूट उशाशी, नाड्या सैल करून ठेवलेल्या. चहाचा कप आधी नाकाशी नेत. समोर आलेल्या माणसाला नाव विचारायच्या आधी, “वारा कुठून आहे?” हे विचारत, आणि त्याला सांगता आलं नाही की त्याच्याविषयी त्यांचं मत जे वाईट होई ते कायमचं. गावात त्यांना ‘भित्रा साहेब’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना बरंच वाटत असे.

“भीती ही शरीराची अक्कल आहे, सिस्टर,” ते म्हणायचे. “डोक्याची अक्कल फार उशिरा पोचते.”

एका गोष्टीची भीती मात्र त्यांना रात्रंदिवस खात होती. गॅस सुटला तर वाजवायचा जो भोंगा असतो, त्याची दर सोमवारी बारा वाजता चाचणी व्हायची. तसा नियमच होता. आता सोमवारी आमच्या निम्म्या गावाला उपास. झालं असं, की बायकांनी त्या भोंग्यावर साबुदाण्याची खिचडी लावून घेतली. भोंगा वाजला की कढई उतरायची, शेतातली माणसं बांधावरून घराकडे निघायची. एकदा साहेब गावात फेरी मारताना आमच्या ओट्यावर टेकले, तेव्हा सासूबाई त्यांना कौतुकाने म्हणाल्या, “तुमचा भोंगा लय सोयीचा हाय, साहेब. घड्याळ बगाया नको.”

साहेबांनी हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. परत येताना मी बरोबर होते. गेटपाशी आल्यावर म्हणाले, “धोक्याचा भोंगा ऐकून ह्यांना भूक लागते, सिस्टर! उद्या खरंच काही झालं तर ही माणसं पानं मांडून बसतील.”

तेव्हापासून ते असा आवाज शोधायला लागले की जो ऐकून माणूस उठून पळेल.

तो सापडला नेरळला. तिथे नव्या इमारतींपैकी एकीत ते भाड्याने राहत. वरच्या मजल्यावर कॉलेजची मुलं राहायला आली आणि त्यांनी रविवारी दुपारी हा बँड मोठ्याने लावला. साहेब तक्रार करायला जिना चढायला लागले. अर्ध्यावर गेले आणि, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, “माझे पाय मला न विचारता खाली वळले.” दुसरा कुणी असता तर घरी जाऊन कानात बोळे घालून पडला असता. साहेब मात्र पायांशी भांडत वर गेले आणि दार वाजवलं. त्या बिचाऱ्या मुलांनी माफी मागत आवाज बंद केला. “बंद का केलंत?” साहेब कठड्याला धरून म्हणाले. “परत लावा. तिथूनच, जिथे तो ओरडतो.”

मी स्वतः त्यांचा हा शोध पाहिला तो कशेळ्याला. कंपनीचं आरोग्य शिबिर होतं, बाजाराचा दिवस होता. मी टेबल मांडून लोकांचं ब्लडप्रेशर बघत होते आणि साहेबांनी त्याच टेबलाखाली छोटा स्पीकर लपवला होता. आधी त्यांनी बिबट्याची डरकाळी लावली. बाजार पळेल असं त्यांना वाटलं होतं. बाजार आमच्याच टेबलावर चालून आला. “कुठं हाय रं बिबट्या?” “मोबाईल काढ, मोबाईल काढ!” मग बाईची किंकाळी लावली, तर गर्दी दुप्पट झाली आणि तिला कुणी मारलं यावर वाद सुरू झाले. साहेबांना घाम फुटला. मग त्यांनी त्या बँडचा आवाज लावला.

बाजार गप्प झाला. कुणी जवळ आलं नाही. कोंबड्या विकायला बसलेला माणूस उठला आणि टोपलीसकट चालायला लागला. भाजीवाल्या बाईने ताडपत्री गुंडाळली. आणि मी जन्मात पाहिलं नव्हतं ते त्या दिवशी पाहिलं. कशेळ्याच्या नाक्यावरून एक जीप अर्ध्या सीटा रिकाम्या ठेवून सुटली. मी एका म्हाताऱ्याला विचारलं, “काय झालं हो बाबा?”

“काय नाय,” तो धोतर सावरत म्हणाला, “पन हितं थांबायचं नाय.”

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “बाकीचे आवाज ऐकून लोकांना बघायला जावंसं वाटतं,” ते म्हणाले. “हा ऐकून नाही वाटत. कारण हा नुसता ओरडत नाहीये, सिस्टर. ह्याच्या मागे खरोखरच काहीतरी लागलंय.”

मॅनेजरांनी ‘भोंग्याचा नवीन टोन’ एवढंच वाचून सही केली. ऐकायची तसदी घेतली नाही. पुढच्या सोमवारी बारा वाजता कंपनीने गावातल्या खांबांवर बसवलेल्या कर्ण्यांतून तो गाणारा माणूस ओरडला आणि अख्खं गाव बाहेर पडलं. माझ्या सासूबाई, ज्यांना देवळाची पायरी चढवत नव्हती, हातात झारा घेऊन शेताच्या बांधावर सापडल्या. साहेब घरोघर जाऊन विचारत होते, “कुठल्या बाजूला पळालात? वारा कुठून होता?” बायका त्यांच्या अंगावर धावून गेल्या. “मेल्या, माजं दूध गेलं ना उतू!” साहेब दोन्ही हात जोडून म्हणत होते, “जाऊ द्या ताई, जाऊ द्या, उतू जाऊ द्या!” इतका सुखी माणूस मी फार कमी वेळा पाहिला आहे.

ते सुख फार टिकलं नाही. आमच्या गावाला कशाचीही सवय होते. काही सोमवार गेले आणि त्या आवाजाला नाव पडलं, ‘रेडा’. मी रजेवर घरी होते त्या सोमवारी रेडा ओरडला, तर सासूबाई न दचकता म्हणाल्या, “रेडा वरडला गं, कढई उतर.” एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि हळदीला डीजे नसेल तर पोरीच्या बापाला तोंड दाखवायला जागा नाही. गावातला डीजेवाला माझा चुलत दीर. त्याने कर्ण्यासमोर मोबाईल धरून रेडा रेकॉर्ड केला आणि त्याखाली ढोलकीचा ठेका घातला. एका हळदीत मी तो ऐकला. अंगाला हळद फासलेल्या बाया हात वर करून नाचत होत्या आणि रेडा ओरडला की सगळा मांडव त्याच्यासारखाच ओरडत होता.

“वहिनी, कसला भारी वाजतोय बग ना!” दीर मला म्हणाला. मी न जेवताच घरी आले.

साहेबांना सांगायला मला बरेच दिवस लागले. सांगितलं तेव्हा ते माझ्या खोलीतल्या पेशंटच्या खाटेवर बसले आणि त्यांनी मुकाट्याने ब्लडप्रेशरसाठी हात पुढे केला.

म्हणून ते त्या नव्या अल्बमची वाट बघत होते. बँड नवा अल्बम काढणार हे त्यांना वरच्या मजल्यावरच्या मुलांनी सांगितलं होतं. त्यात नवा आवाज मिळेल, गावाला नाव ठेवता येणार नाही असा, अशी त्यांची आशा. अल्बम आला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या खोलीत आले, डबा उघडलाच नाही, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकत बसले. ऐकताना नेहमी ते खुर्चीच्या कडेवर, उठायच्या बेतात बसायचे. त्या दिवशी हळूहळू त्यांची पाठ खुर्चीला टेकली. ते बघूनच मला कळलं की काहीतरी बिनसलं आहे.

मग ते “गाणी चांगली आहेत” म्हणाले, आणि मला समजावून सांगायला लागले. आधी जुनं गाणं ऐकवलं. “ओरडायच्या आधीचा श्वास ऐका. अडखळतोय. पुढचा शब्द निघेल की नाही त्याचं त्यालाच माहीत नाही.” मग नवं लावलं. त्यात तो गात होता. मोकळ्या, स्वच्छ गळ्याने, मागे पियानो, आणि ध्रुवपद तर असं की दोनदा ऐकलं तर तिसऱ्यांदा आपणही म्हणावं. मध्ये ओरडणं होतं, पण ते बरोबर जागच्या जागी यायचं.

“मला आवडलं,” मी खरं ते सांगितलं.

“तेच तर म्हणतोय मी!” साहेब कळवळून म्हणाले. “ह्यात भीती कुठे आहे? हा आता घाबरल्याचं गातो. आधी घाबरलेला असायचा. तब्येत सुधारली असेल त्याची. लग्न झालं असेल, मुलगी झाली असेल. चांगलंच आहे. मला वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.” मग खिडकीबाहेरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या नारिंगी पिशवीकडे बघत ते म्हणाले, “ड्रमवाला अजून भित्रा आहे तसा. पण एकट्या ड्रमवर गाव पळत नाही.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गॅस सुटला.

संध्याकाळची वेळ होती. मी घरी निघायच्या तयारीत होते, घराशेजारी हळद होती. आधी मला तो वास आला. वास म्हणजे नाकात सुई घुसावी तसं काहीतरी. पाठोपाठ आत पळापळ झाली, एका पाइपाचा जोड सुटला म्हणून ओरडा झाला, गॅसचे मास्क घातलेली माणसं आत धावली. मी गेटकडे आले तेव्हा साहेब तिथल्या केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी भोंगा सुरू केला होता. नारिंगी पिशवी फुगून सरळ आमच्या गावाकडे बोट दाखवत होती.

गावातल्या सगळ्या खांबांवरून रेडा ओरडला आणि दोन शेतांपलीकडून आम्हाला शिट्ट्या ऐकू आल्या. मांडवाचे लाल-हिरवे दिवे दिसत होते, वर झालेले हात दिसत होते. लोकांना वाटलं डीजेने रेडा लावला. डीजेला वाटलं लोकांना रेडा हवाय, म्हणून त्याने खरोखरच लावला. खांबांवर एक आणि मांडवात एक, असे दोन रेडे ओरडत होते आणि गाव नाचत होतं. मी सासूबाईंना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. वाजत राहिला. मी गेटच्या गजाला धरून उभी राहिले. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती, त्यानंतरही नाही.

साहेबांनी भोंगा बंद केला. मला वाटलं यांचं डोकं फिरलं. “काय करताय?” मी ओरडले. त्यांनी माइक उचलला. तोंडाशी नेताना तो दातांवर आपटला आणि तो टक्क आवाज गावभर गेला. मग त्यांना बोलताच येईना. खांबांवरून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. यायचा, अडकायचा, परत यायचा.

“अहो,” ते म्हणाले. “अहो, पळा. मी… मी कंपनीतला साहेब. खरंच सुटलाय हो गॅस. तोंडाला ओलं फडकं लावा, नदीकडे पळा, इकडे नको, नदीकडे. मला फार भीती वाटतेय. मला… आई! आई गं!”

आणि ते ओरडले. त्या गाणाऱ्यासारखं भरदार नाही. बारीक, चिरकं, अंधारात हात सुटलेल्या लहान मुलासारखं. एकदा ओरडले ते थांबेनातच.

मांडवातला डीजे बंद झाला. हात खाली आले. मग दिवे तसेच लुकलुकत राहिले आणि त्यांच्याखाली माणूस दिसेना.

सासूबाई नदीकाठी सापडल्या, दिराच्या टेंपोत, दोन स्पीकरच्या मध्ये, ओला पदर तोंडाला लावलेल्या. दिराने म्हाताऱ्या माणसांना उचलून टेंपोत भरलं होतं. पुष्कळांचे डोळे सुजले, खोकून खोकून छात्या दुखल्या, हळदीचं जेवण तसंच टाकून द्यावं लागलं. पण दुसऱ्या दिवशी सगळं गाव जिवंत होतं. मी सासूबाईंना विचारलं, “आई, तुम्हाला कसं कळलं?”

“एवडा बाप्या मानूस आईला हाक मारतोय,” त्या म्हणाल्या, “मंजी आता आपलं काय खरं नाय, असं वाटलं बग.”

केबिनमधल्या यंत्रात साहेबांचा तो आवाज रेकॉर्ड झाला होता. मॅनेजर खूश. भोंग्याच्या जागी आता हाच लावू, याच्याइतकं परिणामकारक काही नाही, असं ते म्हणाले. साहेब कधी कुणाला उलट बोलत नसत. त्या दिवशी ते “नाही” म्हणाले आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

गावाने देवळात त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, सरपंचांचं लांबलचक भाषण. साहेब दाराजवळ बसले होते. बूट काढावे लागले म्हणून कासावीस. दोन शब्द बोला, असा सगळ्यांनी आग्रह धरला तेव्हा ते नाइलाजाने उठले आणि माइकवर म्हणाले, “नमस्कार.”

मागच्या रांगेतल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकीने पोराला काखेत घेतलं. सासूबाईंनी काठी पकडली. कुणी हसलं नाही. साहेबांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, माइक अगदी हळू खाली ठेवला, हात जोडले आणि जाऊन दाराशी बसले. त्यानंतर त्यांनी माइक कधीच हातात घेतला नाही, अगदी निरोप समारंभातसुद्धा. मी एकदा त्यांना त्यावरून छेडलं, तर म्हणाले, “गाव उठून पळेल असं आपल्याकडे एवढंच शिल्लक आहे, सिस्टर. ते भाषणात घालवायचं नाही.”

ते निवृत्त होऊन देशावर त्यांच्या गावी गेले. फोन केला की आधी वारा कुठून आहे ते विचारतात, मग माझी तब्येत. त्यांच्या जागी तरुण साहेब आले आहेत. हुशार आहेत, शांत आहेत, कशाला घाबरत नाहीत. दर सोमवारी भोंग्याच्या आधी ते खांबांवरून गावाला सुरक्षिततेबद्दल चार गोष्टी समजावून सांगतात. नव्या साहेबांचा आवाज फार गोड आहे. ते बोलायला लागले की सासूबाई हातातलं काम बाजूला ठेवतात, ओट्यावर येऊन बसतात आणि शेवटपर्यंत जागच्या न हलता ऐकतात.